तीन खिडक्यांचा प्ले-कॉल रिस्टबँड: हायस्कूल संघासाठी घ्यावा का?

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक चाल संपली की 40 सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्या वेळात साइडलाइनवरच्या प्रशिक्षकाने पुढची चाल ठरवायची, ती मैदानावरच्या अकराही जणांना कळवायची, आणि समोरच्या संघाला तिचा सुगावा लागू द्यायचा नाही. हायस्कूलच्या नियमांत देशभर हे 40 सेकंदांचं घड्याळ 2019 पासून आलं. तेव्हापासून रिस्टबँड ही अनेक संघांसाठी गरजेची वस्तू झाली आहे.

इथे परीक्षण आहे ते तीन खिडक्यांच्या मनगटपट्ट्याचं. इलास्टिकची रुंद पट्टी, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकची एक खिडकी, आणि वेल्क्रो सोडवून झडप उघडली की आत समोरासमोर आणखी दोन. प्रत्येक खिडकीत चालींचं एक छापील कार्ड बसतं. नग साधारण 10 ते 20 डॉलरला मिळतो. निकाल आधीच सांगतो: हायस्कूल संघाला संदेश पोचवण्याचं याच्याइतकं स्वस्त आणि चोरायला अवघड साधन दुसरं नाही. मात्र पट्टा चांगला निघणं वा वाईट निघणं हे कंपनीपेक्षा आत घातलेल्या कार्डावर जास्त अवलंबून असतं. म्हणून पुढचं बरंचसं लिखाण कार्डाबद्दलच आहे.

पट्ट्याचं मर्म असं, की तो संदेशाचे दोन भाग करतो. चालीचं नाव खेळाडूच्या हातावर असतं आणि मैदान ओलांडून जातो तो फक्त तिचा पत्ता. प्रशिक्षक ओरडून ‘दोन-तीन-पाच’ म्हणाला तर ते समोरच्या संघालाही ऐकू जातं, पण कार्ड नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. हातांच्या खुणांमध्ये किंवा चित्रफलकांमध्ये संपूर्ण अर्थ उघड्यावर मांडलेला असतो. पुरेसा वेळ आणि दुर्बीण असेल तर तो कधी ना कधी उलगडतोच.

हे किती गंभीर आहे याचे दाखले मोठ्या पातळीवर आहेत. 2007 साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सने न्यूयॉर्क जेट्सच्या बचाव प्रशिक्षकांच्या खुणांचं चित्रीकरण केलं, तेव्हा एनएफएल या व्यावसायिक लीगने मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना 5 लाख डॉलर आणि संघाला अडीच लाख डॉलर दंड केला, शिवाय नवे खेळाडू निवडण्याच्या पहिल्या फेरीतली एक संधी काढून घेतली. पुढच्याच हंगामापासून बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आला. आक्रमण चालवणाऱ्या क्वार्टरबॅकला तो 1994 पासूनच होता. महाविद्यालयीन पातळीवर 2023 मध्ये मिशिगन विद्यापीठाचं प्रकरण गाजलं, तेही प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा टिपण्यावरूनच. त्यानंतर एप्रिल 2024 मध्ये महाविद्यालयीन खेळांची संस्था एनसीएएने वरच्या गटातल्या संघांना हेल्मेट रेडिओची परवानगी दिली: मैदानावर एका वेळी एकच खेळाडू, हेल्मेटवर हिरवा ठिपका, आणि घड्याळात 15 सेकंद उरले किंवा चेंडू स्नॅप झाला (मागे देऊन चाल सुरू झाली) की आवाज बंद.

रेडिओ आला म्हणून पट्टा गेला असं मात्र झालं नाही. एनएफएलचे क्वार्टरबॅक आजही तो बांधतात. तिथल्या चालींची नावं बारा-पंधरा शब्दांची असू शकतात. प्रशिक्षक रेडिओवर फक्त क्रमांक सांगतो, क्वार्टरबॅक मनगटावरून पूर्ण नाव वाचून हडलमध्ये, म्हणजे चालीआधी जमणाऱ्या खेळाडूंच्या घोळक्यात, सांगतो. ऐकलेलं लांबलचक नाव डोक्यात धरून ठेवण्यापेक्षा वाचणं सोपं, आणि गोंगाटात दोन आकडे ऐकू येण्याची शक्यता पंधरा शब्दांपेक्षा कितीतरी जास्त.

ही कल्पना जुनी आहे. 1965 च्या हंगामाअखेरीस बाल्टिमोर कोल्ट्सचे जॉनी युनायटस आणि गॅरी क्युओझो हे दोन्ही क्वार्टरबॅक जखमी झाले आणि हाफबॅक टॉम मॅटी यांना त्या जागी उभं राहावं लागलं. त्यांनी चाली लिहिलेली पट्टी मनगटावर बांधली. 26 डिसेंबर 1965 ला ग्रीन बेविरुद्धचा प्लेऑफ सामना कोल्ट्स जादा वेळेत 13-10 असा हरले, पण ती पट्टी ओहायोतल्या कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये गेली. चाली पाठ नसलेल्या माणसाला ऐन वेळी उभं करता येणं हा पट्ट्याचा पहिला गुण होता, आणि दुसऱ्या फळीतला मुलगा शुक्रवारी रात्री अचानक मैदानात उतरतो तेव्हा आजही तोच गुण कामाला येतो.

माप आणि बांधणी

प्रौढ मापाच्या पट्ट्यात साधारण 12 सेंटिमीटर लांब आणि 6 ते 7 सेंटिमीटर रुंद कार्ड बसतं. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. खिडकीची आतली शिवण ते शिवण पट्टीने मोजा, कारण एकाच कंपनीच्या दोन मालांतही थोडा फरक पडतो. झडपेच्या आतल्या खिडक्या बाहेरच्या खिडकीपेक्षा किंचित लहान असू शकतात, त्याही वेगळ्या मोजा.

खरेदी करताना तीन गोष्टी पाहा. पहिली, खिडकीचं प्लास्टिक. ते मऊ आणि लवचिक हवं. कडक प्लास्टिक थंडीत ताठरतं आणि नोव्हेंबरच्या सामन्यांत घडीवर तडकतं. दुसरी, वेल्क्रोची लांबी. झडपेच्या पूर्ण कडेला वेल्क्रो असेल तर टॅकलमध्ये, म्हणजे कुणी पकडून पाडताना, ती उघडत नाही. फक्त मधोमध चौकोनी तुकडा शिवलेला असेल तर एखाद-दोन सामन्यांत कोपरे वर येतात आणि त्यात समोरच्याची बोटं अडकतात. तिसरी, आतलं अस्तर. नुसतं इलास्टिक घामाने ओलं झालं की हाताभोवती फिरतं आणि खिडकी खालच्या बाजूला जाते. सिलिकॉनच्या रेघा असलेलं अस्तर किंवा लांब बाहीवर पट्टा चढवणं हा त्यावरचा उपाय. सैल पट्टा चिकटपट्टीने आवळू नका. झडप उघडायला अडचण होते आणि हाताला मुंग्या येतात.

कोणत्या हातावर बांधायचा हे जागेनुसार ठरतं. क्वार्टरबॅकने फेकीच्या हातावर कधीच नाही. शॉटगनमधून, म्हणजे मागे उभ्या क्वार्टरबॅककडे, उजव्या हाताने स्नॅप करणाऱ्या सेंटरने डाव्या. पुढच्या रांगेतला लाइनमन जो हात जमिनीवर टेकवतो तो सोडून दुसऱ्या, नाहीतर पहिल्याच चेंडूला खिडकीवर चिखल बसतो. त्यामुळे लाइनमनपैकी उजवा हात टेकणारे गार्ड आणि डावा टेकणारा लेफ्ट टॅकल यांचे पट्टे वेगवेगळ्या हातांवर येतील. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकने मनगटाऐवजी कोपराच्या थोडं खाली बांधावा, चेंडू कवटाळताना झडप मधे येत नाही. एक मात्र लक्षात ठेवा, हायस्कूलच्या नियमाप्रमाणे कार्ड मनगटावर किंवा हातावरच हवं. कमरेच्या पट्ट्याला लटकवून चालत नाही.

हात बदलला की कार्डाची दिशाही बदलते, आणि इथे बरेच संघ चुकतात. डावा हात छातीसमोर आडवा धरला की बोटं उजवीकडे असतात, म्हणजे मजकूर कोपराकडून बोटांकडे वाचला जातो. उजव्या हातावर तो बोटांकडून कोपराकडे वाचावा लागतो. म्हणून कार्डाच्या एका कडेला ‘बोटांकडे’ असा बाण छापा, आणि उजव्या हातवाल्यांसाठी बाण उलट्या कडेला असलेली वेगळी प्रत काढा. कार्ड उलटं बसलं तर मुलगा मान वाकडी करून वाचत बसतो आणि तोवर स्नॅप होऊन जातो.

कार्ड

एका खिडकीत 40 चाली कोंबता येतात: चार स्तंभ, दहा ओळी. तसं केलं की प्रत्येक चौकटीला जेमतेम 3 सेंटिमीटर रुंदी मिळते आणि अक्षर 7 पॉइंटचं करावं लागतं. खोलीत बसून ते छान दिसतं. मैदानावरच्या दिव्यांखाली, धाप लागलेली असताना, हेल्मेटच्या जाळीतून ते वाचता येत नाही. माझा आग्रह तीन स्तंभ आणि आठ ओळींचा आहे, म्हणजे खिडकीत 24 आणि तिन्ही मिळून 72. अक्षर ठळक, 9 पॉइंट, साधं, बिनाकाट्यांचं. एक ओळ सोडून एक ओळीला फिकट राखाडी पार्श्वभूमी द्या, नजर आडवी जाताना वरखाली घसरत नाही. नावं तोडून लिहा. ‘ट्रिप्स राइट 26 पॉवर’ हे इंग्रजीत लिहिताना ‘ट्रिप्स’ आणि ‘पॉवर’ यांतले स्वर गाळले तरी कळतं. पण एकाच शब्दाचे दोन संक्षेप एका कार्डावर नकोत.

72 हा आकडा कुणाला कमी वाटेल. वेगळ्या चाली तेवढ्या लागतही नाहीत. बहुतेक संघ एका सामन्यात पंचवीस-तीस वेगळ्या चालींवर जगतात. उरलेल्या जागा पुनरावृत्तीसाठी वापरा. जी चाल सामन्यात दहा वेळा येणार, उदाहरणार्थ इनसाइड झोन (मधून धावण्याची चाल), तिला चार-पाच वेगवेगळे पत्ते द्या. एकच पत्ता वापरला तर तिसऱ्या वेळी समोरचा लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या रांगेतला खेळाडू) ‘दोन-तीन-पाच’ ऐकताच आत सरकतो. पट्ट्याची सगळी गुप्तता या एका आळसाने वाया जाते.

क्रमांक कसे द्यायचे यावर बरेच मतभेद आहेत. 1 ते 72 असे सरळ क्रमांक शिकवायला सोपे, पण 47 कुठे आहे हे नजरेला शोधावं लागतं. रंग आणि क्रमांक, म्हणजे ‘निळा 6’, ही पद्धत लोकप्रिय आहे. तिच्यात एक धोका असतो ज्याचा विचार सहसा कुणी करत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांमागे एकाला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही. अकरांच्या संघात असा एखादा मुलगा असण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि त्याला स्वतःलाही ते माहीत नसू शकतं. शिवाय स्टेडियमच्या दिव्यांखाली गडद निळा, जांभळा आणि काळा एकच दिसतात. रंग वापरायचेच असतील तर रकान्याच्या माथ्यावर रंगाचं आद्याक्षरही छापा.

तीन आकड्यांची जाळी मला सर्वांत भरवशाची वाटते. पहिला आकडा खिडकीचा, दुसरा स्तंभाचा, तिसरा ओळीचा. ‘दोन-तीन-पाच’ म्हणजे दुसरी खिडकी, तिसरा स्तंभ, पाचवी ओळ. काही शोधावं लागत नाही, नजर थेट तिथे जाते. आकडे सुटे उच्चारायचे हा नियम मोडू नका. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ गर्दीच्या आवाजात सारखेच ऐकू येतात, ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’चंही तेच. ‘वन-फाइव्ह’ आणि ‘फाइव्ह-झीरो’ यांत गोंधळ होत नाही.

बाहेरच्या खिडकीत सर्वांत जास्त लागणाऱ्या चाली ठेवा, कारण झडप उघडून बंद करण्यात दोन-तीन सेकंद जातात आणि घाईत ती उघडीच राहते. आतल्या दोन खिडक्यांत विशेष प्रसंगाच्या चाली टाका: गोल रेषेजवळच्या, दोन मिनिटांच्या घाईतल्या, फसव्या. याचा एक तोटा आहे. खेळाडूंनी झडपा उघडल्या की काहीतरी खास येतंय हे समोरच्याला दिसतं. म्हणून आतल्या एका खिडकीत चार-पाच नेहमीच्या चालीही मिसळा आणि पहिल्या क्वार्टरमध्येच त्यांतली एक वापरा.

छपाई, आणि जिथे सगळं बिघडतं

पट्ट्याबद्दलच्या तक्रारींपैकी बहुतेक खरंतर इथून येतात. एक्सेलमध्ये सगळ्या चालींची यादी करा, नेहमीच्या चाली हव्या तितक्या वेळा पुन्हा लिहा, शेजारच्या स्तंभात यादृच्छिक संख्या देणारं सूत्र टाका, त्यानुसार यादी लावा आणि मग वरून खाली पत्ते द्या. त्या एकाच यादीतून दोन कागद काढायचे. पहिला खेळाडूंचं कार्ड, पत्त्यांच्या क्रमाने, म्हणजे चाली विस्कटलेल्या. दुसरा प्रशिक्षकाचा कॉल-शीट, प्रसंगांच्या क्रमाने: पहिला डाउन (प्रयत्न), तिसरा डाउन आणि लांब पल्ला, रेड झोन (गोल रेषेआधीचे शेवटचे 20 यार्ड), आणि प्रत्येक चालीपुढे तिचा पत्ता. खेळाडूंच्या कार्डावर पासच्या चाली एका स्तंभात आणि चेंडू घेऊन धावण्याच्या दुसऱ्या स्तंभात अशी नीटनेटकी मांडणी करू नका. वाचायला ती सोयीची असते, पण नुसता दुसरा आकडा ऐकून पास येतोय की धाव हे समोरच्याला सांगता येतं.

सापळा असा आहे की यादृच्छिक संख्येचं सूत्र फाइल उघडताना आणि प्रत्येक बदलानंतर नव्याने मोजलं जातं. कार्ड छापलं, मग कॉल-शीटमध्ये एक शब्द सुधारला, पुन्हा क्रम लावला, आणि पत्ते बदलले. आता प्रशिक्षकाच्या हातातला ‘एक-दोन-चार’ आणि मुलांच्या मनगटावरचा ‘एक-दोन-चार’ वेगळे. क्रम लावून झाल्यावर तो स्तंभ लगेच कॉपी करून फक्त मूल्यं म्हणून चिकटवा आणि सूत्र पुसून टाका. दुसरा उपाय कार्डाच्या कोपऱ्यात: प्रत्येक छपाईला एक अक्षर द्या, तेच कॉल-शीटच्या कोपऱ्यातही छापा. किकऑफच्या आधी सगळे हात वर करतात, एक सहाय्यक अक्षरं पाहत जातो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते टाळलं तर जुन्या आठवड्याचं कार्ड घातलेला एक गार्ड अख्खा पहिला क्वार्टर उलट्या बाजूला ब्लॉक करत राहतो आणि दोष त्याच्या लक्ष नसण्याला दिला जातो.

छापताना प्रिंटरच्या खिडकीत ‘पानात बसवा’ ही खूण काढून 100 टक्के मापाने छापा, नाहीतर कार्ड काही मिलिमीटरने आखूड होऊन खिडकीत सरकत राहतं. शाई इंकजेटची असेल तर एका थेंबाने पसरते. लेझर प्रिंटर वापरा. कागद आधी कापा, मग लॅमिनेट करा, आणि चारही बाजूंना 3 मिलिमीटरची बंद कड सोडून पुन्हा कापा. म्हणजे कागद खिडकीपेक्षा दोन्ही मापांत किमान 7 मिलिमीटर लहान हवा. लॅमिनेट करून मग कागदाच्या कडेलाच कात्री चालवली तर कड उघडी पडते आणि घाम आत झिरपतो. पाऊस वरून येतो तसा घाम खालून, इलास्टिकमधून येतो हे विसरलं जातं. पाऊच 75 मायक्रॉनचं पुरे. 125 मायक्रॉनचं टिकाऊ वाटतं, पण हाताच्या गोलाईला वळत नाही आणि स्प्रिंगसारखं उसळून खिडकीबाहेर येतं. चकाकी नसलेलं मॅट पाऊच मिळालं तर तेच घ्या, कारण दिव्याचं प्रतिबिंब नेमकं वाचायच्या ओळीवर पडतं. कोपरे गोल करा. टोकदार कोपरा खिडकीची शिवण फाडतो.

कार्डं मोजून द्या, मोजून परत घ्या. मध्यंतराला नवं कार्ड घालता आलं तर उत्तम: त्याच चाली, नवे पत्ते, कोपऱ्यात नवं अक्षर. एखादं कार्ड मैदानावर पडून समोरच्याच्या हाती लागलं असेल तरी नुकसान पहिल्या अर्ध्यापुरतंच. काही प्रशिक्षक नवं कार्ड छापण्याऐवजी ‘प्रत्येक आकड्यात 2 मिळवा’ असा नियम देतात. तसं करू नका. दमलेल्या मुलाला बेरीज करायला लावली की अकरांपैकी एक जण चुकतो, आणि चाल फसायला एक पुरतो.

आकडा मैदानात कसा पोचवायचा

पट्टा असला तरी साइडलाइनवरून खुणा कराव्याच लागतात, हे विक्रेते सांगत नाहीत. मैदान 160 फूट रुंद आहे, म्हणजे जवळपास 49 मीटर. शिवाय हायस्कूलमध्ये संघाची जागा दोन्ही 25 यार्ड रेषांच्या मधे असते. चेंडू 5 यार्ड रेषेवर, म्हणजे गोल रेषेजवळ, असेल तर पलीकडचा, पास झेलणारा रिसीव्हर तिरक्या अंतराने आणखी लांब जातो. तिथे आवाज पोचत नाही, आणि नेमकी तीच जागा सर्वांत महत्त्वाची.

म्हणून तीन आकड्यांच्या तीन खुणा ठरवा. 1 ते 5 ला एका हाताची बोटं. 6, 7, 8 साठी आधी मूठ छातीवर, मग 1, 2, 3 बोटं. हात डोक्याच्या बाजूला, अंगापासून दूर धरा. छातीसमोरची बोटं त्याच रंगाच्या जॅकेटवर दिसत नाहीत. प्रत्येक आकड्यानंतर हात पूर्ण खाली, म्हणजे ‘दोन-दोन’ आणि ‘दोन’ यांत फरक राहतो. दोन माणसं एकाच वेळी खुणा करतात, एक खरा आणि एक फसवा, आणि खरा कोण हे दर क्वार्टरला बदलतं. पट्टा असल्यामुळे ही फसवणूक तशी अत्यावश्यक नाही, पण चौथ्या क्वार्टरपर्यंत चिकाटीने नोंदी करणारा प्रतिस्पर्धी असतोच.

वेळेचा हिशेब असा पडतो. चाल संपल्यावर खेळाडू उठून परतेपर्यंत 6 ते 8 सेकंद, प्रशिक्षकाची निवड आणि खुणा 8 ते 10, मनगट पाहायला 3 ते 4. म्हणजे घड्याळात 18 ते 23 सेकंद उरलेले असताना संघ रांगेत उभा राहतो आणि क्वार्टरबॅकला बचावाकडे नीट पाहता येतं. निवड लांबली की सगळा भार शेवटच्या पाच सेकंदांवर येतो, मग तीन खिडक्या काय किंवा दहा काय. सरावातही खुणा आणि पट्टा घड्याळ लावूनच वापरा. नुसतं चालीचं नाव ओरडून सराव घेतला तर सामन्याच्या दिवशी मुलं मनगटाकडे पाहायलाच विसरतात.

पट्ट्याची खरी उणीव ही की पाहताना नजर खाली जाते. त्या तीन सेकंदांत बचावाने सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) सरकवला तर ते दिसत नाही. म्हणून बचावाच्या संघासाठी मी तीन खिडक्या सुचवणार नाही. बचावाला आक्रमणाची मांडणी पाहून शेवटच्या क्षणी बदल करावा लागतो, तिथे एका खिडकीत 12 ते 15 मूळ कॉल पुरतात आणि बदल तोंडीच होतात.

इतर साधनांशी तुलना

चित्रफलक, म्हणजे चार चौकटींत चार चित्रं असलेले मोठे पुठ्ठे, ओरेगन विद्यापीठाने चिप केली यांच्या काळात घराघरांत पोचवले. त्यांचा वेग अफाट आहे. एक नजर आणि मान पुन्हा वर. पण त्यांना फलक धरणारी दोन-तीन माणसं लागतात, वारा असेल तर आणखी एक. शिवाय प्रेस बॉक्समधून ते सगळ्यांना दिसतात, म्हणून काही संघ मागे चादरी धरायला माणसं उभी करतात. हायस्कूलला एवढं मनुष्यबळ परवडत नाही.

नुसत्या हातखुणा फुकट आहेत आणि चाली पंधरा-वीस असतील तर पुरतातही. त्यापुढे प्रत्येक मांडणी, दिशा, मोशन (स्नॅपआधीची हालचाल) आणि चालीला वेगळी खूण म्हणजे चाळीस-पन्नास खुणा पाठ करायच्या. नवखा मुलगा त्यातच हरवतो. दर चालीला एक खेळाडू बदलून त्याच्या तोंडी निरोप पाठवण्याची रीत क्लीव्हलंडच्या पॉल ब्राऊन यांनी गार्ड आलटूनपालटून पाठवत प्रसिद्ध केली. याच ब्राऊन यांनी 1956 मध्ये क्वार्टरबॅक जॉर्ज रॅटरमन यांच्या हेल्मेटमध्ये रेडिओही बसवून पाहिला आणि त्याच वर्षी लीगने त्यावर बंदी घातली. निरोप्याची रीत आजही चालते, पण त्यात हडल करावंच लागतं आणि वेगवान खेळ विसरावा लागतो.

निगा आणि किती घ्यायचे

सामन्यानंतर कार्ड काढा, वेल्क्रो बंद करा, थंड पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा. ड्रायरच्या उष्णतेने खिडकी आक्रसते आणि मग कार्ड बसत नाही. वेल्क्रोची पकड गेली असं वाटलं तर बहुतेक वेळा त्यात गवत आणि धागे अडकलेले असतात. ताठ दातांच्या ब्रशने साफ केलं की पकड परत येते. खिडकी पिवळी पडली किंवा घडीवर पांढरी रेघ उमटली तर तो पट्टा सरावासाठी ठेवा.

हडल करणाऱ्या, मोजक्या चालींच्या संघाने फक्त क्वार्टरबॅकसाठी दोन पट्टे घ्यावेत, एक वापरायला आणि एक राखीव. हडल न करणाऱ्या संघाला आक्रमणातले अकरा, त्यांचे बदली खेळाडू आणि तीन-चार जादा मिळून 25 च्या आसपास लागतात. म्हणजे अडीचशे ते पाचशे डॉलर, आणि नीट वापरले तर दोन हंगाम. प्रत्येकावर आतून जर्सी क्रमांक लिहून ठेवा. आठ-दहा वर्षांच्या मुलांना तीन खिडक्या देऊ नका. एक खिडकी, दहा-बारा चाली, आणि शब्दांऐवजी त्या मुलाच्या जागेचं छोटं रेखाचित्र: तू इथून निघ, तिकडे जा. फ्लॅग फुटबॉलमध्येही, जिथे टॅकलऐवजी कमरेची पट्टी खेचतात, हाच प्रकार चालतो. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तो खेळ येतोय. त्यातल्या पाच जणांच्या संघात प्रत्येकाला एकच रेखाचित्र देऊन आपापली रेघ वेगळ्या रंगात ठळक केली की हडल दहा सेकंदांत आटोपतं.